उघाड पडली

आमच्या घरात ह्या दिवसांत एक शब्द हमखास बोलला जायचा. यंदा पाऊस थांबून आठवडा होत आला, तरी तो कुणी तोंडातून काढलेला नाही.

बाकी सगळं दरवर्षीसारखं चाललं आहे. कोपरखैरण्याच्या आमच्या माथाडी वसाहतीत पाऊस थांबला की आधी गाद्या बाहेर येतात. चार महिने भिंतीतून झिरपलेली ओल त्यांच्या कापसात बसलेली असते. गॅलरीचे कठडे, जिन्याचे कठडे, खाली उभ्या असलेल्या कुणाच्या तरी टेम्पोचा टप, जिथे ऊन तिथे गादी. आईनेही आमच्या गाद्या काढल्या आहेत आणि लाटण्याने झोडपते आहे. आज सकाळी त्या आवाजाच्या वरून, पाण्याच्या टाकीवरून, पाखरांची एक लांब रांग खाडीकडे गेली. म्हणजे हंगाम सुरू झाला. मी रांग दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. आप्पांनी मान वळवली नाही. माझे वडील, आप्पा, कॉटवर कपाटाकडे तोंड करून बसले होते.

तो शब्द म्हणजे उघाड. साताऱ्याकडचा. पावसात चार दिवस ऊन पडलं की आमच्या गावाकडे म्हणतात, उघाड पडली. आप्पा वयाच्या विशीत गाव सोडून मार्केटला गोण्या उचलायला आले, तेव्हा जे थोडं सामान त्यांच्याबरोबर आलं त्यात हा शब्द होता. मार्केटमध्ये त्याला आणखी वजन आलं. भिजलेली गोणी कोरड्या गोणीपेक्षा कितीतरी जड असते, आणि पाठीला ते गणित आधी कळतं. पाऊस सरला की आप्पा घरी येऊन सदरा काढता काढता म्हणायचे, "पडली बाबा उघाड." त्या एका वाक्यावर आईचा चेहरा सैल व्हायचा. लहानपणी मला वाटायचं की हा सणाचा दिवस आहे, फक्त कॅलेंडरवाले छापायला विसरले आहेत.

मी वाचायला शिकले ती कामगारांच्या पत्रकांवर. गुलाबी, पोपटी, पिवळ्या कागदांवरची ती पत्रकं आप्पा खिशात चौघडी घालून आणायचे. त्यांना वाचायला वेळ लागायचा, म्हणून मी मोठ्याने वाचायचे. "कामगार बंधूंनो" हे मला अडखळता वाचता आलेलं पहिलं वाक्य. आप्पा जिथे "हं" म्हणायचे तिथे स्वल्पविराम, आणि जिथे मांडीवर थाप मारायचे तिथे पूर्णविराम, असं व्याकरण मला घरातच मिळालं. पत्रकाचे काही नियमही होते. पत्रक हातात द्यायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. भिरकावायचं नाही, गाडीच्या काचेला खोचायचं नाही. आणि पत्रकात कधीही काही बांधायचं नाही, शेंगदाणेसुद्धा नाहीत. शेजारीपाजारी देव्हाऱ्याला हात जोडायचे. आमच्या घरी कागद जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावला जायचा, आणि त्यावर लिहिलेलं एक दिवस खरं होणार ह्याबद्दल कुणाला शंका नसायची. मलाही नव्हती.

निवृत्त झाल्यावर आप्पांची पाठ एकदम म्हातारी झाली. इतकी वर्षं ओझ्याखाली सरळ राहिलेला कणा, ओझं गेल्यावर वाकला. ते तासन् तास कपाटाकडे तोंड करून बसायला लागले. काय बघता विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाई. बसलोय." डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मी त्यांना वसाहतीच्या मागून, खाडीच्या बाजूला, जुन्या बांधावर न्यायला लागले.

त्या बांधाच्या आत एक उथळ तळं होतं. शहराच्या नकाशात त्याला नाव नव्हतं. भरती आली की खाडीचा चिखल पाण्याखाली जायचा, आणि तिथे ओहोटीभर चरणाऱ्या पाखरांना उभं राहायला जागा उरायची नाही. मग ती सगळी ह्या तळ्यात यायची. घोट्याएवढ्या पाण्यात हजारो बारीक पाय. आवाज असा, की दूरवर कुणी काचेच्या बांगड्यांची टोपली हलवत आहे.

पहिल्या दिवशी आप्पा पाखरं बघत बांधावर उकिडवे बसले. मग म्हणाले, "टोळी आली."

मार्केटमध्ये गोण्या उचलणारी माणसं टोळीने काम करतात. टोळीला एक मुकादम असतो. गाडी यायची असली की टोळी गाळ्यासमोर उभी राहते, कुणी उकिडवं, कुणी भिंतीला टेकून, आणि गाडी लागली की सगळी एकदम हलते. आप्पांच्या लेखी पाखरांचंही तेच होतं. ही खाडीवर कामाला जाणारी टोळी, भरती म्हणजे गाडी यायला उशीर, आणि हे तळं म्हणजे गाळ्यासमोरची मोकळी जागा.

मी मोबाइलवरून नावं शोधून सांगायचे. शेकाट्या, चिखल्या, तुतारी, कोरल. आप्पा ऐकून घ्यायचे आणि आपलंच म्हणायचे. लांब लालसर पायांचा शेकाट्या म्हणजे लाल मोजेवाला. जरा धावून थबकणारा, चिखलावर टुचकन चोच मारून पुन्हा धावणारा चिखल्या म्हणजे शिक्के मारणारा कारकून. लांब वाकड्या चोचीचा कोरल एकटा, टोळीपासून अंतर ठेवून उभा असायचा. त्याला पाहून आप्पा हसले होते. "मुकादम आकडा घेऊन आलाय बघ." गोणीत रुतवायचा लोखंडी आकडा त्यांच्या खांद्यावर आयुष्यभर लटकलेला असायचा. तसाच बाक त्या चोचीला होता.

"आप्पा, तो एका पायावर उभा आहे."

"दुसरा पाय रजेवर आसंल."

वर्षानुवर्षांत ते हसले नव्हते तितकं मी त्यांना त्या हिवाळ्यात हसताना पाहिलं. परत येताना ते पुढे चालायचे. घरी येऊन आईला सांगायचे, आज मुकादम आला नव्हता, आज कारकुनांची भांडणं झाली. कॉटवर ते झोपायला तेवढे यायचे. एका माणसाला कपाटापासून उठवायला काय लागतं, तर बांधाच्या आत घोटाभर पाणी.

बांधावर जनार्दनदादा भेटायचे. खाडीकाठच्या जुन्या गावातले. त्यांच्या वाडवडिलांची तिथे खाऱ्या जमिनीतली भातं होती, आता त्या जागी त्यांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. पांढरे बूट घालून ते सकाळचं चालणं करायचे आणि आप्पांची चेष्टा केल्याशिवाय पुढे जायचे नाहीत.

"काय आप्पा, तुमची टोली आली कं नाय?"

"आली की. तुमचंच पाणी पितीया."

"पिऊं दे. भारा नाय घेत आमी पाखरांकरशी."

दादांची बोली आप्पांना पाठ होती. मार्केटच्या आजूबाजूला सगळी तीच माणसं. ते मला समजावून सांगायचे, आगरी माणूस ड म्हणायचा तिथं र म्हणतो. गाडीला गारी, घोड्याला घोरा. मनातल्या मनात ड करून घ्यायचा, की झालं. आपल्याला परकी बोली कळते ह्याचा त्यांना अभिमान होता.

तळ्यावर रविवारी गाड्या यायच्या. माणसं मोठाल्या कॅमेऱ्यांनी रोहित पक्ष्यांचे फोटो काढायची. गुलाबी, उंच, देखणे. आप्पा त्यांना पावणी मंडळी म्हणायचे. माझा राग तेव्हापासूनचा आहे. चिखलाच्या रंगाची, मुठीएवढी पाखरं कॅमेऱ्यासमोर आली की माणसं वैतागून ती उडायची वाट बघायची. पुढे शहराने पुलांच्या भिंतींवर गुलाबी पक्षी रंगवले, चौकात त्यांचे पुतळे उभे केले. तळ्यासमोर एका नव्या टॉवरची जाहिरात लागली. तिच्यात नवरा-बायको खिडकीत चहा पीत होते आणि खाली निळंशार पाणी होतं. ह्या शहराला पक्ष्याचं चित्र पुरतं. पक्ष्याला चिखल लागतो, वास मारणारा, किडे वळवळणारा चिखल, आणि त्याचं चित्र कोण काढणार? टोळीचं असंच असतं. मार्केटच्या कमानीवर भाजीची टोपली रंगवलेली आहे. ती ज्याच्या डोक्यावरून आली ते डोकं कुणी रंगवलेलं नाही.

गेल्या वर्षी असाच पाऊस सरत आला होता. आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं. आप्पा आणि मी बांधावर चाललो होतो, आणि समोरून जनार्दनदादा आले. त्या दिवशी त्यांनी चेष्टा केली नाही. थांबून एवढंच म्हणाले, "आप्पा, उघारी परली."

आप्पांनी मनातल्या मनात र चा ड केला. उघाड पडली. त्यांचा चेहरा फुलला. परक्या माणसाच्या तोंडून आपल्या गावचा शब्द.

"पडली एकदाची," ते म्हणाले. "बरं झालं."

दादा त्यांच्याकडे बघत राहिले. "बरा जाला?"

"तर काय! किती दिवस वाट बघत हुतो."

 मग पाठ फिरवून आल्या वाटेने परत गेले. आप्पा घरभर सांगत सुटले, दादासुद्धा आता उघाड म्हणायला लागला.

आम्हाला उघाडी ठाऊक नव्हती. खाऱ्या जमिनीतल्या भाताला बांध असतो, बांधाच्या पोटात दगडी मोरी, आणि मोरीच्या तोंडाला फळ्यांचं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खारं पाणी अडवायचं. तिला उघाडी म्हणतात. आमच्या तळ्याची उघाडी दादांच्या आजोबांनी गाव जमवून बांधलेली होती. भात गेलं, फळ्या कुजून गेल्या, पण मोरी राहिली. तिच्यातून खाडी दर भरतीला आत येत होती आणि तळं जगत होतं. बांधालगतचा रस्ता रुंद करायला कुणी भराव आणून टाकला. डंपरच्या ओझ्याखाली मोरी बसली आणि वर मातीचा ढीग झाला. दादा आम्हाला ते सांगायला आले होते. उघाडी पडली. आणि माझे वडील म्हणाले होते, बरं झालं.

हे आम्हाला उमगलं तोवर बराच उशीर झाला. पावसाचं साचलेलं पाणी रोज मागे हटत होतं, आणि आप्पा म्हणत होते, भरती कमी असेल. मग कडेचा चिखल भेगाळला. मग एक दिवस मी बांधाच्या टोकापर्यंत गेले आणि ढीग पाहिला. तिथे बसलेल्या गावातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं. त्याने बोट दाखवलं. "ही काय, उघारी. परली ना." मी आप्पांकडे वळले. ते ढिगाकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, तो एकच शब्द दोन्ही तऱ्हांनी म्हणून बघत असल्यासारखे.

मी पत्रक काढलं. दुसरं मला येतं काय?

रात्री जेवणानंतर मी वाचून दाखवलं आणि आप्पा मांडीवर थाप मारायला विसरले. फक्त एका शब्दावर त्यांनी थांबवलं. "स्थलांतरित म्हंजे?"

"हिवाळ्यापुरते लांबून आलेले. पोटासाठी."

"मग आपल्यासारखी म्हण की."

रबाळ्याच्या छापखान्यातल्या माणसाने मजकूर वरून खाली पाहिला. "कुठल्या पक्षाचं आहे, ताई?"

"पक्षाचं नाही, पक्ष्यांचं आहे."

"म्हणजे अपक्ष." तो आपल्याच विनोदावर मनापासून हसला. मीही हसले. तेव्हा हसता येत होतं.

गुलाबी कागद आप्पांनी निवडला. तळ्यासमोरच्या, आता राहत्या झालेल्या टॉवरच्या फाटकाशी उभं राहून आम्ही प्रत्येकाच्या हातात, डोळ्यांत बघून पत्रक द्यायचं ठरवलं. तिथे माणसं गाडीतून येतात आणि काच वर असते. वॉचमन म्हणाला, "मॅडम, इथे टेबलावर ठेवा ना, मी देतो." चालायला निघालेल्या एका बाईंनी मात्र थांबून वाचलं.

"उघाडी मोकळी करा म्हणजे नक्की काय मोकळं करायचं?"

मी सांगितलं. पाणी परत येईल, पक्षी परत येतील.

"आणि डास?" त्या चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. "माझ्या मुलाला दोनदा डेंग्यू झालाय. आमच्या सोसायटीने किती तक्रारी केल्या त्या तळ्याच्या. आता सुकलंय तर जरा टेन्शन कमी झालंय. तुम्ही परत पाणी आणताय?" वाहत्या खाऱ्या पाण्यात तो डास होत नाही, साचलेल्या गोड्या पाण्यात होतो, असं मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली, पत्रकाची घडी घातली आणि त्याच घडीने वारा घेत निघून गेल्या.

ती जागा ज्या कार्यालयाची, त्यांनी दुसऱ्या कार्यालयाचं नाव सांगितलं. त्या दुसऱ्यांनी एक दिवस माणसं पाठवली. त्यांनी समोरचं प्लास्टिक उचललं, फोटो काढले आणि कचरा टाकू नये अशी पाटी लावली. ढिगाला हात लागला नाही. खालच्या मोरीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, आणि जे कागदावर नाही ते पडू कसं शकेल?

गावात आम्ही जनार्दनदादांकडे गेलो. गाव उभं राहिलं तर ढीग एका दिवसात निघेल, असं मी वाटेत म्हणत होते. दादांनी आम्हाला बसवलं, चहा दिला. पत्रक हातात घेतलं नाही.

"तवा त बोल्लाव, बरा जाला," ते आप्पांना म्हणाले. "माना वाटला, तुमी पन टावरवाल्यांचेच बाजूचं. मी गप बसलो. नि आता पत्रका वाटताव?"

आप्पांनी उघाड शब्द समजावून सांगायचा प्रयत्न केला. साताऱ्याकडे असं म्हणतात, मला वाटलं पाऊस. दादांनी ऐकून घेतलं. त्यांना ते पटलंही असावं, कारण त्यांचा आवाज खाली आला. "आप्पा, तुमची वसाहत पन आमचेच भातावर हाय. आमची जमीन गेली तवा पाखरा होतीच ना? तवा कोनी पत्रक नाय कारला. आता पाखरांसाठी गावाला उठवताव."

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे, मला कशाचंही उत्तर देता येतं. ह्यावर मी त्यांनी न घेतलेलं पत्रक घडी घालून पिशवीत परत ठेवलं. 

मग अमावस्येची भरती आली. मोठी भरती भर दुपारी येते. आप्पा म्हणाले, "आज येतील. मोठं पाणी हाय, कुठं जातील?" आम्ही बांधावर उन्हात उभे होतो. खाडी फुगत होती, कांदळवनाची मुळं एकेक करून बुडत होती, आणि मग ती आली, सगळी. एकाच कापडासारखी वळून, पोटाची पांढरी बाजू चमकवत. तळ्यावर आली आणि थबकली. खाली पाणी नव्हतं. भेगाळलेली, राखाडी जमीन होती. त्यांनी एक फेरी मारली, आणखी एक मारली. मग दमून तशीच उतरली, कोरड्या भेगांवर, खांद्याला खांदा लावून, वाऱ्याकडे तोंड करून.

कोरड्या जमिनीवर कुत्री धावू शकतात. रस्त्याच्या कामावरच्या चार कुत्र्यांना ते माहीत झालं होतं. ती सुटली, टोळी उठली. फेरी, पुन्हा उतरली. पुन्हा कुत्री. प्रत्येक वेळी उठणं आधीपेक्षा जड होत होतं. लांबून आलेलं अंग, आणि बसू न देणारी जमीन.

आप्पा बांधावरून खाली उतरले. वाकलेल्या पाठीने ते धावायला लागले. त्याला धावणं म्हणायचं तर. हातात चप्पल घेऊन ओरडत होते, "आरं, हुभं तरी ऱ्हाऊ द्या की त्यास्नी." कुत्र्यांना तो खेळ वाटला. त्यांनी आप्पांना वळसा घातला आणि पलीकडून घुसली. टोळी शेवटची उठली, टॉवरच्या वरून गेली, आणि मग आकाशात काही राहिलं नाही. आप्पा भेगांच्या मधोमध उभे होते, एका पायात चप्पल. मी जाऊन त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "चल."

त्यानंतर ते बांधावर आले नाहीत.

मी त्यांना शंभर प्रकारे सांगितलं आहे. तुम्ही बरं झालं म्हणालात म्हणून मोरी पडली नाही, ती आधीच पडली होती. दादांनी त्या दिवशी सगळं सांगितलं असतं, तरी ढीग तसाच राहिला असता. ते ऐकतात आणि म्हणतात, "पर मी बरं झालं म्हणालो की." ज्यांनी भराव टाकला, ज्यांनी टाकू दिला, ज्यांनी पाटी लावून फोटो काढला, त्यांच्यापैकी एकाचीही झोप मोडलेली नाही. आणि ज्याने जन्मभर दुसऱ्यांचा माल पाठीवर वाहिला, त्याच्या पाठीवर म्हातारपणी एक शब्द टाकला गेला आहे. तो उतरवून घेणारी टोळी माझ्या माहितीत नाही. मला शिकवलं होतं की नीट लिहिलेलं, हातात दिलेलं पत्रक वाया जात नाही. उरलेला गुलाबी गठ्ठा कपाटावर आहे. आप्पांचं तोंड ज्या कपाटाकडे असतं, त्याच कपाटावर.

काल मी एकटीच बांधावर जाऊन आले. ढिगावर गवत उगवलं आहे, आता तो ढीग वाटतच नाही, जन्मापासून तिथेच असल्यासारखा दिसतो. तळ्यात खांब रोवून दोरी लावली आहे. कशासाठी, ते विचारायचं धैर्य झालं नाही. आज सकाळची ती रांग तिकडेच गेली असेल. यायचं नाही, असं अजून कुणी त्यांना सांगितलेलं नाही.

आत्ता, मी हे लिहीत असताना, शेजारच्या शेवंताकाकू गादी खांद्यावर घेऊन आमच्या दारातून जात होत्या. त्या आमच्याच तालुक्यातल्या. घामाने डबडबलेल्या, खूश. आत डोकावून म्हणाल्या, "पडली बया एकदाची उघाड."

आईचं लाटणं थांबलं.

आप्पांनी कपाटावरची नजर काढली नाही. "कुठली?" त्यांनी विचारलं.

काकू हसल्या. "उघाड काय दोन-दोन असत्यात व्हय, आप्पा?"

आईने लाटणं उचललं आणि पुन्हा गादी झोडपायला लागली.